शिक्षा, परीक्षा आणि उपकारस्तुती : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील श्रद्धेची वाटचाल

१. प्रश्नाची मांडणी

'शिक्षा' या शब्दाचा संस्कृतातून मराठीपर्यंतचा प्रवास लक्षणीय आहे. संस्कृतात तो शब्द अध्ययनाचा वाचक आहे; सहा वेदांगांपैकी एकाचे ते नावच आहे. मराठीने मात्र अध्ययनाचा अर्थ 'शिक्षण' या शब्दाकडे सोपविला आणि 'शिक्षा' या शब्दाकडे केवळ दंडाचा अर्थ ठेवला. छडी आणि पाटी एकाच हातात असण्याचा जो काळ होता, त्याची खूण या अर्थभेदात राहून गेली आहे.

नव्या करारातील 'इब्री लोकांस पत्र' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात नेमकी हीच जोडी एका ग्रीक शब्दात एकवटलेली आढळते. 'पायदेया' हा तो शब्द. मुलाचे संगोपन, त्याला वळण लावणे आणि प्रसंगी त्याला ताडन करणे, या तिन्ही क्रिया त्यात येतात. बाप आपल्या लेकराला शासन करतो, परक्याच्या लेकराला करीत नाही. म्हणून देवाकडून होणारे शासन हे नात्याचेच लक्षण होय, असा त्या अध्यायाचा युक्तिवाद आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष सामान्य बुद्धीला चमत्कारिक वाटावा असा आहे : ज्या दुःखाबद्दल तक्रार करावयाची त्याच दुःखाबद्दल आभार मानावयाचे.

मराठी ख्रिस्ती मंडळीत अशा आभारप्रदर्शनाला 'उपकारस्तुती' म्हणतात. प्रस्तुत लेखाचा विषय हीच उपकारस्तुती आहे. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या आत्मपर लेखनात संकटाचे रूपांतर श्रद्धेत कसे होते, आणि या रूपांतरात 'शासन' नेमके कोण कोणास करतो, याचा विचार येथे करावयाचा आहे. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. दुःख हे देवाचे शासन मानले की ते दुःख देणारा मनुष्य आपोआप निर्दोष ठरतो, असा या विचारसरणीवरचा जुना आक्षेप आहे. या आक्षेपाला मराठी आत्मकथनांनी काही उत्तर दिले आहे काय, हे तपासल्यावाचून त्यांतील श्रद्धेचे मोल ठरविता येणार नाही.

२. किनारपट्टीची पार्श्वभूमी

राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावरील दिघी हे बंदर आज रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात मोडते. समोरच्या पाण्यात जंजिऱ्याचा किल्ला आहे आणि पलीकडच्या तीरावर आगरदांडा. १९४८पर्यंत हा मुलूख जंजिरा संस्थानात होता, आणि त्यात हिंदू, मुसलमान व बेने इस्राएल अशी तिन्ही समाजांची वस्ती होती. ईयोबाची कथा व दाविदाची स्तोत्रे ज्यांच्या धर्मग्रंथातील, तो समाज कोकणच्या या पट्ट्यात मिशनरी येण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी बोलत होता.

प्रोटेस्टंट मिशनच्या मराठी कार्याचा आरंभही याच किनाऱ्याच्या आसमंतात झाला. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले. पुढे त्यांच्या शाळा कुलाब्याच्या किनारपट्टीवर निघाल्या व त्यांत बेने इस्राएल शिक्षकही होते. स्कॉटिश मिशनरी मंडळाने १८२३ साली आपले पहिले ठाणे बाणकोट येथे केले. हे बाणकोट म्हणजे हरिहरेश्वराच्या दक्षिणेस, सावित्रीच्या मुखापलीकडचे गाव. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली त्याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १८४२ साली अमेरिकन मिशनने 'ज्ञानोदय' सुरू केले आणि मराठी ख्रिस्ती गद्याला नियमित व्यासपीठ लाभले.

हा तपशील येथे एवढ्यासाठीच दिला आहे की, मराठी ख्रिस्ती साहित्य हे नगर-पुणे-मुंबई एवढ्याच त्रिकोणात जन्मले, अशी जी समजूत रूढ आहे ती पुरती खरी नाही.

३. देशी परंपरेतील पूर्वतयारी

संकटाबद्दल देवाचे आभार मानण्याची कल्पना मराठीला मिशनऱ्यांनी दिली, असे म्हणता येत नाही. १६३०च्या आसपासच्या दुष्काळात तुकारामांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. या सर्व हानीकडे मागे वळून पाहताना, हे झाले ते बरेच झाले, कारण त्यामुळेच देवाशी गाठ पडली, असा भाव तुकारामांनी आपल्या अभंगांतून व्यक्त केला. मराठी मनात उपकारस्तुतीचे बीज आधीच रुजलेले होते, असा याचा अर्थ. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, हे टिळकांचे सांगणे प्रसिद्धच आहे.

तथापि दोन्ही परंपरांत एक भेद आहे. तुकारामांच्या ठायी संकट हे प्रपंचाचा पाश तोडणारे आहे. त्याचे कार्य वैराग्य उत्पन्न करण्याचे. इब्री पत्रातील संकट हे घडविणारे आहे. त्याचे कार्य लेकराला शहाणे करून पुन्हा घरात आणि कामात उभे करण्याचे. पहिल्यात संसार सुटतो, दुसऱ्यात संसार बदलतो. मराठी ख्रिस्ती आत्मकथनांत हे दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळलेले दिसतात, आणि त्यांच्या प्रमाणावरून त्या त्या लेखकाचा पिंड ओळखता येतो.

४. बाबा पदमनजी : शंकेची पायरी

बाबा पदमनजींचा जन्म १८३१ साली बेळगावचा. बाप्तिस्मा १८५४ साली बेळगावातच झाला. 'अरुणोदय' हे त्यांचे आत्मचरित्र १८८८ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. शीर्षकातच त्याची रचना सूचित झाली आहे. सूर्य एकाएकी उगवत नाही. अंधार पातळ होत जातो. मिशनच्या शाळेतील अभ्यास, परमहंस सभेशी आलेला संबंध, घरची कर्मठ रीत आणि मनात चाललेला वाद, असा हा क्रम आहे.

पदमनजींच्या लेखनात परीक्षा प्रामुख्याने बुद्धीची आहे. कोणते मत खरे, कोणते टिकते, हे पाहण्याचा त्यांचा प्रयत्न चालतो. कुटुंबाचा विरोध व समाजाचा बहिष्कार ही संकटे त्यांनाही चुकली नाहीत. परंतु त्यांच्या कथनात ती सत्याच्या शोधाची किंमत म्हणून येतात. उपकारस्तुती येते ती ज्ञानप्राप्तीबद्दल. स्वतःच्या जुन्या मतांची दुरुस्ती करण्याची तयारी हा येथील 'शासना'चा आशय आहे. एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षित तरुणाची ही श्रद्धा आहे आणि तिच्या मर्यादाही त्याच वर्गाच्या आहेत. देहाची भूक, मुलाचे मरण, स्वयंपाकघरातील अपमान यांना तिच्यात फारशी जागा नाही. ती जागा पुढे दोन स्त्रियांनी दिली.

५. पंडिता रमाबाई : शासन कोणाचे?

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातील आपत्तींची नुसती यादीही वाचकाला दडपून टाकणारी आहे. १८७४च्या सुमारास दुष्काळातील भ्रमंतीत आईवडील गेले; पुढे बहीण गेली; १८८० साली बंधू श्रीनिवास गेला; १८८२ साली पती बिपिन बिहारी मेधावी गेले. तेव्हा रमाबाईंचे वय चोवीस वर्षांच्या आतबाहेर होते व पदरी मनोरमा ही लहान मुलगी होती. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वॉन्टेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे शासनाचा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. वॉन्टेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई धर्मकन्येसमान होत्या. नव्या ख्रिस्ती व्यक्तीने चर्चच्या अधिकाऱ्यांचे मार्गदर्शन विनम्रपणे स्वीकारावे, अशी त्यांची अपेक्षा होती. रमाबाईंनी त्रैक्याच्या सिद्धांताबद्दल शंका काढल्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास धर्माधिकाऱ्यांनी घेतलेल्या हरकतीला आक्षेप घेतला. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द असावेत असा आग्रह धरला. १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा संघर्ष सविस्तर पाहावयास मिळतो. सिस्टर जेराल्डिन यांच्या दृष्टीने तो अहंकार होता. रमाबाईंच्या दृष्टीने एका पुरोहितवर्गाचे जोखड टाकून दुसऱ्याचे मानेवर घेण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या लेखी सदसद्विवेकबुद्धी देवालाच उत्तरदायी होती.

या प्रकरणाचा अर्थ नीट लावला पाहिजे. रमाबाईंनी शासन नाकारले असे म्हणणे सोपे आहे, पण ते चूक ठरेल. १९०७ साली त्यांनी आपल्या श्रद्धेची जी साक्ष लिहिली, तिच्यात बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता परंतु ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी जाणीव झाल्याचे त्या सांगतात. ही दुरुस्ती फार मोठी आहे. कोणी अधिकारी ती घडवून आणू शकला नाही. रमाबाईंनी नाकारला तो शासनाचा मानवी मक्ता. खुद्द शासन त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले.

त्यानंतरच्या त्यांच्या उपकारस्तुतीचे स्वरूप शाब्दिक राहिले नाही. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली व स्त्रिया आणून त्यांनी केडगाव येथे मुक्ती सदन वाढविले. दुष्काळात आईबापांना मरताना जिने पाहिले, तिने दुष्काळातील दुसऱ्यांच्या मुली उचलून आणल्या. आपल्या वाट्यास आलेल्या दुष्काळाचा अर्थ त्यांनी केडगावच्या धान्यकोठारात आणि शाळेत लावला, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल. कन्या मनोरमा १९२१ साली निवर्तली, ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतः रमाबाई गेल्या. त्यांनी केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

६. लक्ष्मीबाई टिळक : हसत सांगितलेले शासन

'स्मृतिचित्रे' हे पुस्तक या विषयाच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध आणि सर्वांत फसवे आहे. समृद्ध यासाठी की, संकटे, चुका, दुरुस्त्या आणि समाधान यांची इतकी दाट वीण मराठीत क्वचितच आढळते. फसवे यासाठी की, लेखिका त्यांतील कशाचाही उपदेश करीत नाही. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेले हे आत्मकथन चौथ्या भागात अपुरे राहिले. १९३६ सालीच लक्ष्मीबाई वारल्या.

माहेरच्या घरात वडिलांचे सोवळे टोकाचे होते. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यावयाची नाही, अशी तेथील शिस्त होती. शासनाचा हा पहिला प्रकार, भयातून निघालेला आणि भयच शिकविणारा. अकराव्या वर्षी लग्न झाले ते टिळकांशी. टिळक प्रतिभावंत, दयाळू, तापट आणि संसाराच्या दृष्टीने बेभरवशाचे होते. हातात आलेला पैसा भलतीकडे जाणे, नोकरी सुटणे, न सांगता निघून जाणे हे नित्याचे होते. त्यातच अपत्यांचे मृत्यू झाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. सवाष्ण असून नवरा नाही, विधवा नाही म्हणून वैधव्याची सहानुभूतीही नाही, अशा अवस्थेत मुलाला घेऊन त्या चार-पाच वर्षे नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. त्यातील काही काळ पंढरपुरात गेला. त्यांच्या काव्यलेखनाला याच दुःखाने चालना मिळाली.

हा भाग वाचताना एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावयास हवी. निवेदन करणारी लक्ष्मीबाई वृद्ध आहे, ख्रिस्ती आहे आणि टिळकांवर तिचे अपार प्रेम आहे. त्या प्रसंगाला 'देवाची योजना' असे नाव देऊन मोकळे होणे तिला सहज शक्य होते. तिने तसे केलेले नाही. टिळकांनी दिलेले दुःख टिळकांच्याच नावावर राहते. त्यांचा तापटपणा तापटपणाच राहतो. पुढे ते संतपदाला पोहोचले म्हणून मागील हिशेब पुसला जात नाही. प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या आक्षेपाचे उत्तर नेमके येथे मिळते. दुःखातून आपण काय शिकलो हे सांगणे एक, आणि दुःख देणारा बरोबर होता असे म्हणणे दुसरे. लक्ष्मीबाईंच्या कथनात पहिली गोष्ट जागोजाग आहे, दुसरी कोठेही नाही. हा विवेक तत्त्वचर्चेने साधलेला नसून विनोदाने साधलेला आहे. टिळकांच्या विक्षिप्तपणावर त्या हसतात, तेव्हा तो विक्षिप्तपणा क्षम्य होतो पण योग्य ठरत नाही. विनोद येथे क्षमेचे साधन आहे.

त्यांच्या स्वतःच्या दुरुस्तीचा भाग याहून सूक्ष्म आहे. टिळकांकडे परत आल्यावरही त्यांनी सोवळे सोडले नाही. आपले अन्नपाणी वेगळे ठेवले. टिळकांनी या बाबतीत सक्ती केली नाही, ही त्यांच्या स्वभावातील उतावीळपणा ध्यानात घेता महत्त्वाची बाब होय. बदल झाला तो लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचाराने. जातिभेद जर ईश्वराने निर्माण केला असता तर त्याची काही खूण त्याने माणसाच्या देहावर ठेवली असती. तशी खूण तर दिसत नाही. इतक्या साध्या तर्काने त्यांचे पिढ्यांचे सोवळे गळून पडले. वडिलांच्या घरात भयाने शिकविलेली गोष्ट त्यांनी निर्भयपणे विसरून टाकली. १९००च्या सुमारास त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु पुस्तकाच्या अंतर्गत रचनेत खरे धर्मांतर म्हणावे ते पाणी पिण्याच्या निर्णयाचेच आहे. पदमनजींना ग्रंथ वाचून जे गवसले, ते लक्ष्मीबाईंना तांब्याभांड्याचा विचार करता करता गवसले.

यानंतरची उपकारस्तुती कामाच्या रूपाने येते. अनाथ मुलांचे संगोपन, प्लेगच्या दिवसांतील शुश्रूषा, घरी राहावयास आलेल्या बालकवींसारख्या तरुण कवींवरची माया या प्रसंगांत 'आभार' हा शब्द फारसा येत नाही. १९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि 'देवाचा दरबार' ही संस्था काढली. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभीच्या काही अध्यायांपाशी थांबले होते. ज्या स्त्रीला अक्षरओळखही लग्नानंतर झाली, तिने त्याचे उरलेले बहुतांश अध्याय रचले. १९३८ साली, तिच्या मृत्यूनंतर, ते काव्य प्रकाशित झाले. पतीने संसारात अर्धवट टाकलेली कामे आयुष्यभर पुरी करीत आलेल्या या स्त्रीने त्याचे काव्यही पुरे केले. कृतज्ञतेचा याहून मूर्त पुरावा शोधण्याची आवश्यकता नाही.

७. आपत्तीचा अर्थ कोणी लावावा?

आतापर्यंतच्या विवेचनातून एक समान सूत्र हाती येते. तिन्ही लेखकांनी आपल्या दुःखाचा अर्थ स्वतः लावला आहे, आणि तो आत्मकथनाच्या प्रथमपुरुषी रूपात लावला आहे. हे रूप येथे केवळ साहित्यप्रकाराची गरज म्हणून आलेले नाही. 'मला शिक्षा झाली आणि मी शिकलो' हे वाक्य श्रद्धेचे आहे. 'तुला शिक्षा झाली, आता तू शीक' हे वाक्य तसे राहत नाही. पुरुष बदलला की त्याच विधानातील नम्रता जाऊन तेथे क्रौर्य येते. ईयोबाच्या पुस्तकात त्याचे मित्र नेमकी हीच चूक करतात. त्याच्या आपत्तीवरून ते त्याचे पाप सिद्ध करू पाहतात, आणि शेवटी देवाचा कोप होतो तो त्या मित्रांवर.

किनाऱ्यावरच्या माणसाला हा भेद समजावून द्यावा लागत नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यावर आदळले तेव्हा दिघीच्या परिसरातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यांत कोणाची वाडी वाचावी आणि कोणाची जावी यास धर्माचा वा पुण्याचा निकष नव्हता. अशा आपत्तीकडे बोट दाखवून कोणी शासनाची भाषा करू लागला तर ती ईयोबाच्या मित्रांची भाषा होय. त्याच वादळानंतर पुन्हा रोप लावताना एखाद्याने स्वतःपुरते देवाचे उपकार मानले, तर तो अधिकार मात्र त्याचाच आहे. या दोहोंतील सीमारेषा ओळखणे हा मराठी ख्रिस्ती आत्मकथनांच्या वाचनातून मिळणारा सर्वांत उपयुक्त धडा आहे.

अध्यापनाच्या दृष्टीनेही याला महत्त्व आहे. 'स्मृतिचित्रे' वर्गात शिकविताना बहुधा दोन टोकांचा अवलंब होतो. एक तर सोशिक पत्नीचा आदर्श म्हणून त्याचे गुणगान होते, नाही तर पुरुषी अन्यायाचा दस्तऐवज म्हणून त्याचे वाचन होते. दोन्ही वाचनांना पुस्तकात आधार आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. पहिले वाचन लक्ष्मीबाईंचा हिशेब पुसते, दुसरे त्यांची उपकारस्तुती पुसते. हिशेब ठेवूनही उपकार मानता येतात, हेच तर त्या पुस्तकाचे सांगणे आहे.

८. समारोप

पदमनजींच्या ठायी शासन म्हणजे मताची दुरुस्ती, रमाबाईंच्या ठायी सदसद्विवेकाची आणि लक्ष्मीबाईंच्या ठायी सवयीची. उपकारस्तुती अनुक्रमे ज्ञानाबद्दल, मुक्तीबद्दल आणि माणसांबद्दल. तुकारामांपासून आलेला वैराग्याचा धागा तिघांतही कमी-अधिक आहे. परंतु दोन्ही स्त्रियांच्या लेखनात तो संसार सोडण्याकडे न नेता दुसऱ्यांच्या लेकरांकडे नेतो. मराठी ख्रिस्ती साहित्याने मराठी आत्मकथनाला दिलेली ही स्वतंत्र देणगी मानावी लागेल. संस्कृत 'शिक्षा' या शब्दातून मराठीने शिक्षण आणि दंड हे दोन अर्थ वेगळे काढले. या आत्मकथनांनी ते पुन्हा एकत्र आणले, मात्र एका अटीवर : शिक्षा कोणती आणि तिच्यातून काय शिकावयाचे, हे ज्याने ती सोसली त्यानेच सांगावे.